हिरा आमच्याकडे होती तेव्हा

आई हिराला घरी घेऊन आली तेव्हा मी मागच्या पडवीत वाल सोलत बसले होते. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून सालातून हळूच बाहेर काढायचा, हे काम आमच्या घरात माझं होतं. आईच्या मागून एक बाई आली. लुगडं गुडघ्यापर्यंत नेसलेलं, तोंडावर पदर धरलेला, पायात काही नाही. ती उंबऱ्याशीच थांबली. आई म्हणाली, "शुभा, ही हिरा. आजपासून इथं राहील. पडवीतलं सामान आत घे." माझ्या हातातला दाणा परातीत पडला. हिरा हे नाव आमच्या घरात कधी कोणी उच्चारलं नव्हतं, पण मला ते चांगलं माहीत होतं. माझे बाबा जिच्या घरी मेले, ती ही बाई.

आम्ही मुरबाडला भातगिरणीच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. सकाळी गिरणी सुरू झाली की भिंतीला लावलेली भांडी बारीक थरथरायची, आणि संध्याकाळी ती थांबली की कानात एकदम पोकळी झाल्यासारखं वाटायचं. कोंड्याची धूळ दारा-खिडकीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, कधी भाकरीवरही बसायची. पुढच्या खोलीत एक पलंग, माझी पुस्तकं आणि भिंतीवर लाकडाचा साधा क्रूस. मागे स्वयंपाक, त्याच्या मागे पत्र्याची पडवी. आई अंगणवाडीत सेविका होती. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसून आली की ती आधी चूल पेटवायची, मग तोंड धुवायची. तांदळाची भाकरी ती अशी थापायची की परातीत पिठाचा कणही मागे राहू नये. तिचं माहेर खर्डीचं. मामा तिकडून आला की पिशवीभर सुकट आणायचा आणि मग दोन दिवस शेजारी नाक मुरडायचे.

बाबा भाजीचा टेम्पो चालवायचे. घाटावरून माल भरायचा आणि माळशेज उतरून कल्याणच्या बाजारात टाकायचा. वाटेत वैशाखऱ्याला रस्त्याच्या कडेला हिराची चहाची टपरी होती. नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या आसऱ्यानं राहणारी, माझ्या आईपेक्षा वयानं लहान. सुरुवातीला बाबा तिथं चहाला थांबायचे. मग जेवायला थांबू लागले. मग घाटात दरड आली, गाडी बिघडली, असं सांगत मुक्कामाला राहू लागले, आणि शेवटी कारण सांगायचंही बंद झालं. मी शाळेत मोठ्या वर्गात गेले त्या सुमारास ते तिकडेच राहत होते. आईनं त्यांना कधी आणायला माणूस पाठवला नाही. तिकडेच त्यांना खोकला लागला, तिकडेच ते वाळले. एका दुपारी जीपमधून त्यांना आमच्याकडे आणलं तेव्हा त्यांचे डोळे कोणीतरी आधीच मिटलेले होते. कल्याणच्या कब्रस्तानात त्यांना पुरलं. फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडे एक बाई उभी होती, असं मामा नंतर म्हणाला. मी पाहिली नव्हती.

तीच बाई वर्षभरानं आईला सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसलेली दिसली. आई अंगणवाडीच्या पोरांच्या लसींसाठी गेली होती. नर्सनं वैशाखऱ्याची हिरा म्हणून हाक मारली, आणि खोकला ऐकूनच आईनं क्षय ओळखला, म्हणाली. बाबांचा खोकला तिनं ऐकला नव्हता, पण रोग कुठून आला असेल हे समजायला तिला डॉक्टर लागला नाही. हिराला रोज इंजेक्शन घ्यायचं होतं, आणि भावजयीनं तिचं अंथरूण गोठ्यात टाकलं होतं. वैशाखऱ्याहून रोज यायला तिच्या अंगात जीव नव्हता. एवढं कळल्यावर आईनं तिचं गाठोडं उचललं आणि घरी आणलं.

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. त्या रात्री मी जेवले नाही. आई माझं ताट झाकून ठेवून म्हणाली, "तुला आवडावं म्हणून मी तिला आणली नाय. ती मरंल म्हणून आणली." मामा आला, त्याला कळलं, तो पुढच्या खोलीत उभ्या उभ्याच बोलला. "ताई, तुला काय झालंय? सवतीला घरात घेतेस? लोक काय म्हणतील?" आई सुकट निवडत होती. "लोकांनी तिला गोठ्यात ठेवली," ती म्हणाली. "त्यांचं म्हणणं मला ठाऊक झालं." मामा चहा न घेता गेला आणि मग बरेच महिने आला नाही.

आई तिचं सगळं व्यवस्थित करायची. सकाळी दवाखान्यात नेणं, गोळ्या समोर बसून गिळायला लावणं, दूध, उकडलेलं अंडं, अंगाला कोमट पाणी. गिरणीची धूळ खोकल्याला वाईट म्हणून पडवीला तिनं जुन्या साड्यांचा पडदा शिवून लावला. "हिरा, जेवलीस का? हिरा, बरं वाटतं ना? हिरा, थंडी नाय ना वाजत?" आईचा आवाज तिच्याशी बोलताना नेहमीपेक्षा हळू आणि मऊ व्हायचा. हिरा मान हलवायची. ती आमच्याशी जवळजवळ बोलतच नसे. दुपारी गिरणी बंद असली की ती पडवीच्या दारात बसून रस्त्याकडे बघायची. कधी मी कॉलेजातून येताना दिसले की पदर तोंडावर घेऊन भिंतीकडे तोंड करायची. मला वाटायचं, हिला लाज वाटते, आणि ते मला बरं वाटायचं.

आमची ख्रिस्ती मंडळी अगदी लहान होती. चर्च नव्हतंच. महिन्यातून एका रविवारी कल्याणहून पाळकसाहेब यायचे आणि आमच्याच पुढच्या खोलीत उपासना व्हायची. मुरबाडची तीन-चार घरं, शहापूरहून एक शिक्षक आणि त्यांची बायको. उपासना संपली की चहा आणि आईच्या हातच्या नानकटाया. अशाच एका रविवारी लीलाकाकू, म्हणजे त्या शिक्षकांची बायको, चहा पिताना भरून येऊन म्हणाल्या, "तुमच्यासारखी प्रीती आम्हांला जमायची नाही. असल्या बाईला सुद्धा तुम्ही पोटाशी धरलंत. पाळकसाहेब, पुढच्या वेळी यांची साक्ष ठेवा, यांनीच उभं राहून सगळ्यांना सांगू दे. कल्याणच्या लोकांनाही कळू दे." पाळकसाहेबांनी मान डोलावली.  आई कप गोळा करत राहिली. पण तिचं तोंड मी पाहिलं, आणि ते ऐकायला तिला वाईट वाटलं नव्हतं. तिला इतक्या वर्षांत कोणी चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. नवरा मेलेली, आणि तो मरायच्याही आधी त्यानं सोडलेली, अशी तिची ओळख होती. आज विचार करते तेव्हा मला तिचं ते क्षणभराचं सुखावणं समजतं.

पडदा साड्यांचा होता. त्याच्यापलीकडे सगळं ऐकू जात होतं.

दुसऱ्या दिवशी आई अंगणवाडीतून आली तर पडवीत अंथरूण घडी करून ठेवलेलं, ताट-वाटी घासून पालथी घातलेली. हिरा नव्हती. गोळ्यांची पुडी तिथंच होती. आईला आधी वाटलं, लावणीचे दिवस आहेत, अंगात थोडी ताकद आली, गेली असेल भावाच्या शेतावर, येईल. हिरा आली नाही. आई दोनदा निरोप पाठवून थकली. पाऊस ओसरत आला, भात पोटरीला आलं, तेव्हा वैशाखऱ्याहून येणाऱ्या एका जीपवाल्यानं सांगितलं की ती पुन्हा पडून आहे. आईनं मला म्हटलं, "चल माझ्याबरोबर." का, ते सांगितलं नाही. मला वाटतं, तिला एकटीनं त्या घरात शिरवत नव्हतं.

दुपारच्या एसटीनं आम्ही गेलो. फाट्यावरची टपरी बंद होती, तिच्या फळ्यांवर शेवाळ चढलेलं. घर रस्त्यापासून आत, कुडाचं, शेणानं सारवलेलं. ज्या घरात माझ्या बाबांनी शेवटची वर्षं काढली ते मी पहिल्यांदा पाहत होते. मी मनात त्याचं काय काय केलं होतं, आणि ते एक साधं घर होतं. हिरा ओट्यावर गोधडी पांघरून बसली होती. गालांची हाडं वर आलेली.

"कशाला आली बाय?" ती म्हणाली. "लोकांना दाखवायला दुसरं कोन गावंल तुला."

आई खाली उभी होती, पिशवी हातातच. "मी तुला दाखवायला ठेवली होती?"

"मला काय म्हाईत. तू माज्याशी कदी बोललीच नाय."

"रोज बोलायची मी तुझ्याशी."

"गोड बोलायची. त्ये येगळं." हिराला धाप लागली, ती थांबली, पुन्हा बोलली. "मी तुजा नवरा नेला. एक शिवी नाय दिलीस. अंडं सोलून द्यायचीस, तवा मी तुज्या हाताकडं बगायची. मला भ्या वाटायचं बाय. हिच्या पोटात काय हाय, कायच कळत नाय. गोठ्यात भावजय मला रांड म्हनायची, पन तिथं मला झोप लागायची."

 आईनं पिशवी खाली ठेवली आणि ती ओट्याच्या कडेला बसली. तिचा तो पडवीतला मऊ आवाज गेला होता.

"ऐकायचंय तुला? ऐक. मी दर शनवारी भात जास्त टाकायची, हा येईल म्हणून. सकाळी तो कोंबड्यांना घालायची. कोंबड्या सुद्धा शनवार ओळखायला लागल्या होत्या. ही पोर तापानं फणफणली, मी हिला पाठीवर टाकून दवाखान्यात गेली, तो तुझ्या टपरीवर भजी खात होता. मेला तवा त्याचं तोंड तू पाह्यलं. डोळे तू मिटलेस. माझ्याकडं आला तो गार पडलेला. याचा राग हाय मला तुझा. गोळी देताना हाय. अंडं सोलताना हाय. प्रार्थनेला बसते तवा सुद्धा हाय. देवाला म्हणते हा काढ, तो काढत नाय."

"मंग कशाला बोलवते मला?"

"तुला खोकला हाय म्हणून."

हिरानं तिच्याकडे पाहिलं. आई रडत होती आणि डोळे पुसायचीही तसदी घेत नव्हती. मी तिला बाबांच्या मातीच्या वेळीही असं रडताना पाहिलं नव्हतं. हिरा हळूहळू उठली, कुडाला धरत आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेईल. ती गाठोडं घेऊन बाहेर आली आणि मला म्हणाली, "ह्ये धर गो. माज्यानं उचलत नाय."

त्यानंतरचे महिने आमच्या घरातले सगळ्यांत बोलके महिने होते, हे सांगायला विचित्र वाटतं. आईनं पडदा काढून टाकला आणि हिराचं अंथरूण स्वयंपाकघरात, चुलीपासून थोडं लांब, खिडकीखाली घातलं. आई भाकऱ्या थापायची आणि हिरा पडल्या पडल्या बोलायची. दोघी भांडायच्याही. वालाच्या बिरड्यात गूळ घालावा की नाही यावर आठवडाभर वाद चालला होता. आई तिच्यावर ओरडायची, "थुंकायची वाटी झाक, किती वेळा सांगू तुला," आणि हिरा म्हणायची, "झाकते गो, जीव नको खाऊ." एकदा दोघी बाबांच्या घोरण्याची नक्कल करत होत्या. आधी एकीनं केलं, मग दुसरी म्हणाली, "नाय, मधी शिट्टी असायची." आणि दोघी हसता हसता रडवेल्या झाल्या. मी पुढच्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. माझं वाचन झालं नाही.

एका संध्याकाळी आईनं तिला विचारलं. गिरणी नुकतीच थांबली होती, म्हणून मला स्पष्ट ऐकू आलं.

"शेवटी त्यानं माझी आठवण काढली का गं?"

 हिरा खोकली, पाणी प्याली. "पोरीची काडली," ती म्हणाली. "शुभा शुभा करायचा. तुजी नाय काडली. खोटं कशाला सांगू. तुजं नाव घ्यायची लाज वाटायची त्याला."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला. "बरं केलंस सांगितलंस," आई म्हणाली. दुसऱ्या कोणी तिला तेव्हा गोड काही सांगितलं असतं. मीही सांगितलं असतं. त्या दोघींमध्ये तोवर असं काही तयार झालं होतं की त्यात खोटं बसत नव्हतं. त्या दिवसापासून मी तिला हिरामावशी म्हणू लागले. ठरवून नाही. पाणी देताना तोंडातून गेलं, आणि तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, म्हणजे मी पुन्हा म्हणावं म्हणून.

पण मधे गोळ्यांत पडलेल्या खंडानं जे व्हायचं ते झालं होतं. गोळ्या आता तिला लागू पडत नव्हत्या. डॉक्टरांनी कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथून आणखी पुढं, आणि शेवटी घरी न्या म्हणाले. ती इतकी हलकी झाली होती की आई तिला एकटीनं उचलून बाहेर उन्हात बसवायची. पाळकसाहेब भेटायला आले. त्यांनी प्रार्थना केली, आणि जाताना दाराशी आईला हळूच विचारलं, "तिनं प्रभूचा स्वीकार केला का?" आई म्हणाली, "मी विचारलं नाय. तिला ताप होता." ते चांगले गृहस्थ होते. ते परत आत गेले आणि हिराच्या उशाशी काही न विचारता बराच वेळ बसून राहिले.

ती गेली ती भर दुपारी. वीज गेली होती, त्यामुळे गिरणी बंद होती आणि बाहेर माणसं भाताच्या गोणींवर बसून गप्पा मारत होती. मी कॉलेजातून आले तेव्हा आई तिच्या अंथरुणाशी बसलेली होती, हात तिच्या छातीवर. मला म्हणाली, "आत्ताच." हिराचे डोळे मिटलेले होते. ते कोणी मिटले हे मला विचारावं लागलं नाही.

भाऊ जीप घेऊन आला. आई त्याच्याबरोबर वैशाखऱ्याला गेली, तिकडच्या बायकांत जाऊन बसली. आई त्यांच्या धर्माची नाही, नात्याची नाही, तिची तिथं काय जागा, हे बायकांनाही कळेना. भावजयीनं तिला पाण्याचा तांब्या दिला, एवढं ती सांगायची. पुरुष नदीवर जाऊन आले तोवर ती ओट्यावर बसली आणि शेवटच्या एसटीनं परत आली. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत गेली.

मी हे लिहिते आहे तेव्हा माझे केस आईच्या त्या वेळच्या केसांपेक्षा जास्त पांढरे आहेत. प्रीतीवर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, एक-दोनदा बोललेही.  बोलताना मला तो ओटा आठवतो आणि आईचा तो फाटलेला, रागीट आवाज, आणि मला माहीत असतं की मी तसं बोलू शकले नसते. माझ्या हातून कोणी दुखावलं जाऊ नये म्हणून मी जन्मभर मऊ बोलत आले. किती माणसांना माझ्याजवळ झोप लागली नसेल, कोण जाणे.

हिरा गेल्यावर उपासनेचा, महिन्याचा रविवार आला. पुढची खोली नेहमीसारखी भरली. मामाही खर्डीहून आला होता, दाराजवळ बसला होता. गीत झालं, वाचन झालं. पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या भगिनीनं या वर्षात जी सेवा केली, तिच्याविषयी त्यांनी दोन शब्द सांगावेत, अशी सगळ्यांची इच्छा आहे." लीलाकाकूंनी पदर सावरला आणि ऐकण्यासाठी पुढे सरकून बसल्या.

आई उठली. तिनं हात पुसले, खरं तर ते कोरडेच होते. भिंतीकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे.

"हिरा गेली," ती म्हणाली. "मला करमत नाय."

आणि ती खाली बसली. सगळे पुढच्या शब्दांची वाट पाहत राहिले, ते आले नाहीत. मग लीलाकाकू उठल्या, आईच्या शेजारी येऊन सतरंजीवर बसल्या, आणि त्यांनी तिला फक्त विचारलं, "कशी होती हो ती?"